कच्चा चोथा आणि पोफळीची भूक

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची गाडी समुद्र ओलांडून तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरू लागली. नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात शनिवार-रविवारची घरे आधीपासून होतीच, ती आणखी वाढली. त्या घरांबरोबर बागकामाच्या काही समजुतीही आल्या. त्यांतली सर्वांत पक्की समजूत अशी की, कॉफीचा चोथा झाडांच्या बुंध्याशी घातला की माती सुधारते. वाडीतली जाणती माणसेही आता ती मान्य करू लागली आहेत, आणि पोफळीच्या आळ्यात काळा चोथा पसरलेला दिसतो.

हे मत खोडून काढण्यासाठी हा लेख आहे. टाकाऊ वस्तू मातीला परत द्यावी, ही त्यामागची बुद्धी चांगली आहे, आणि म्हणूनच ती वाया जाता कामा नये. माझे म्हणणे दोन वाक्यांत सांगता येईल. कच्चा चोथा हे खत नव्हे, तो खताचा कच्चा माल आहे, आणि तसाच मातीत गेला तर बहुतेक रोपांना बाधतो. दुसरे, त्याच्या कौतुकात चौलच्या वाडीचे खरे अन्न, म्हणजे तिचा स्वतःचा पातेरा, आपण काडी लावून संपवतो आहोत.

पूर्वपक्ष

आधी समोरची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडू.

चोथ्यात नत्राचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. चांगल्या शेणखतात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरते. म्हणजे कागदावर चोथा शेणखताच्या चौपट सकस. दुसरा मुद्दा आम्लतेचा: कॉफी आम्ल, म्हणून चोथाही आम्ल, आणि म्हणून गुलाब, जास्वंद, अननस अशा झाडांना तो मानवतो. तिसरा मुद्दा गोगलगायींचा: कॅफिनमुळे त्या फिरकत नाहीत. चौथा ओलाव्याचा: पुळणीच्या जमिनीत पाणी ठरत नाही, चोथा ते धरून ठेवतो. पाचवा गांडुळांचा: ती चोथा आवडीने खाली ओढून नेतात. या मताला मोठ्या कंपन्यांचेही पाठबळ मिळाले. अमेरिकेत स्टारबक्सने १९९५ पासून गिऱ्हाइकांना बागेसाठी चोथ्याच्या पिशव्या फुकट देण्याचा उपक्रम चालवला. शेवटचा आधार अनुभवाचा: ‘आम्ही घालतो, आमची झाडे छान आहेत.’

यांतला एकही मुद्दा हवेतून आलेला नाही. प्रत्येकाच्या मुळाशी काहीतरी खरे आहे. त्या खऱ्यापासून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र टिकत नाही.

आम्लता

कॉफीतली आम्ले पाण्यात विरघळतात. गरम पाणी पुडीतून गेले की ती पेयात उतरतात. पेय आम्ल होते, आणि मागे उरलेला चोथा बऱ्याचदा उदासीनाच्या जवळ येतो. चोथा आणि त्यापासून केलेले कंपोस्ट यांचे सामू वेगवेगळ्या अभ्यासांत मोजले गेले. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतील उद्यानविद्येच्या अभ्यासक लिंडा चॉकर-स्कॉट यांनी त्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा आकडे ४.६ पासून ८.४ पर्यंत पसरलेले निघाले. एकदा आम्ल, एकदा चक्क अल्कधर्मी. ज्या वस्तूचा सामू इतका बदलतो, तिच्यावर आम्लता वाढवण्याचे काम सोपवता येत नाही.

समजा, तो खरोखर आम्ल निघाला. तरी चौलला त्याची गरज काय? या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. एवढे पाणी मातीतून निथरताना चुना, मॅग्नेशियम आणि पालाश बरोबर घेऊन जाते. त्यामुळे कोकणच्या तांबड्या जमिनी मुळातच आम्लतेकडे झुकलेल्या आहेत. ज्या देशांत पाऊस कमी आणि माती चुनखडीची, तिथल्या माळ्याने आम्लता शोधावी हे समजण्यासारखे आहे. तिथला सल्ला इथे लावणे म्हणजे रोगी न तपासता औषध देणे होय.

नत्र

चोथ्यात नत्र आहे, पण ते झाडाला मिळते का? कॉफीचे बी भाजताना त्यातली प्रथिने शर्करेशी जोडली जातात आणि गडद रंगाचे मोठे, चिवट रेणू तयार होतात. भाजक्या कॉफीचा रंग त्यांचाच. नत्राचा बराच भाग या रेणूंत अडकलेला असतो. तो मोकळा करण्याचे काम जिवाणू आणि बुरशी करतात. त्यांना चोथ्यात कर्ब भरपूर मिळतो, नत्र त्या मानाने हळू सुटते. मग आपली वाढ पुरी करण्यासाठी ते मातीत आधीपासून असलेले नत्र उचलतात. परिणाम असा की खत म्हणून चोथा घातला आणि काही आठवडे रोपाच्या वाट्याचे नत्र कमी झाले. चोथ्यातले नत्र हे कुलपातले धान्य आहे. ते कणगीत आहे एवढ्याने पोट भरत नाही.

नत्राची अडचण एवढीच असती तर वरून थोडा युरिया टाकून भागले असते. पण ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे हार्डग्रोव्ह आणि लिव्हस्ली यांनी नेमके हेच तपासले. त्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रोकोली, लीक, मुळा, व्हायोला आणि सूर्यफूल अशी पाच पिके त्यांनी वाळूच्या, वाळूमिश्रित चिकण आणि पोयट्याच्या मातीत वाढवली. काही ठिकाणी नुसता चोथा, काही ठिकाणी चोथ्याबरोबर खतही. मातीचा प्रकार कुठलाही असो, खत घातलेले असो वा नसो, कच्चा चोथा मिळालेली रोपे खुरटली. खत देऊनही वाढ सुधारली नाही, म्हणजे केवळ उपासमार हे कारण नव्हते. चोथ्यातच रोपाला बाधक असे काही होते. स्पेनमध्ये ग्रानादा विद्यापीठात लेट्यूसवर झालेल्या प्रयोगांतही मातीचे काही गुण सुधारले, पण रोपांची वाढ घटली.

हे बाधक द्रव्य कोणते, याचे उत्तर कॉफीच्या झाडाच्या स्वभावात आहे. कॅफिन ते माणसाच्या तरतरीसाठी बनवत नाही. कीड दूर ठेवणे आणि आसपासच्या बियांचे रुजणे रोखणे ही त्याची कामे आहेत. पाणी ओतल्यावर बरेचसे कॅफिन पेयात जाते, पण सगळे जात नाही. त्याच्या जोडीला टॅनिनसारखी पॉलिफिनॉल द्रव्ये उरतात. भारतात पिकणाऱ्या कॉफीचा सुमारे सत्तर टक्के भाग रोबस्टाचा आहे, आणि रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते. तेव्हा परदेशी बागेतला अनुभव जसाच्या तसा उचलताना आपला चोथा अधिक कडक असण्याची शक्यता ध्यानात घ्यायला हवी. मिरची-वांग्याच्या वाफ्यात किंवा पालेभाजी पेरलेल्या जागी कच्चा चोथा घालणे तर सर्वांत घातक, कारण कोवळ्या मुळांना आणि रुजणाऱ्या बियांनाच त्याची झळ आधी लागते.

गोगलगायी, ओल आणि गांडुळे

कॅफिनने गोगलगायी मरतात, हे सिद्ध झालेले आहे. हवाईतील हॉलिंग्जवर्थ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये ते मांडले. मात्र त्यांच्या मारक द्रावणात कॅफिन एक ते दोन टक्के होते. साध्या पेल्यातल्या कॉफीत ते टक्क्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास असते. एकदा उकळून निघालेल्या चोथ्यातून, पावसाळी चौलमध्ये, मारक मात्रा टिकून राहील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. आषाढातल्या एका सरीत उरलेसुरले विरघळून जाते, आणि गोगलगायींचा जोर नेमका त्याच दिवसांत असतो. रात्री कंदील घेऊन त्या वेचणे आणि ओल्या गोणपाटाखाली जमवून सकाळी नष्ट करणे, हा जुना उपाय कष्टाचा असला तरी काम करतो.

ओलाव्याचा मुद्दा मी मान्य करतो. मेलबर्नच्या प्रयोगातही मातीची पाणी धरण्याची शक्ती वाढलेली दिसली. पण त्याच मातीत रोपे खुरटली. झाडाला जगू न देणारी ओल माळ्याच्या काय कामाची? शिवाय चोथा मातीत न मिसळता वर जाड पसरला तर त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, सुकल्यावर पापुद्रा धरतो आणि पाणी त्यावरून घसरून जाते. पुळणीला ओल हवी, हे खरेच. ती देणारी वस्तू वाडीतच पडलेली आहे, तिच्याकडे पुढे येतो.

गांडुळे चोथा ओढून नेतात, हेही खरे. पण गांडूळ जे खाली नेते ते मुरवण्यासाठी नेते. त्याचा दाखला कंपोस्टाच्या बाजूने जातो. कच्चा चोथा मुळाशी घालावा, असे त्यावरून ठरत नाही.

‘आमची झाडे तर छान आहेत’

हा आक्षेप सर्वांत मोठा, कारण तो डोळ्यांनी पाहिल्यावर आधारलेला आहे. त्याला उत्तर असे. मोठ्या माडाच्या आळ्यात मूठभर चोथा पडला तर त्याने ना फायदा होतो ना तोटा. मुळे मीटर-दीड मीटर पसरलेली, विहिरीचे पाणी रोज सुटते, शेणखत वेगळे पडते. झाड त्यावर वाढते आणि श्रेय चोथ्याला जाते. तुलनेसाठी चोथा न घातलेले तसेच झाड शेजारी ठेवले नसेल, तर अनुभवातून काही सिद्ध होत नाही.

पारख करायची सोपी रीत आहे. दोन कुंड्या, एकच माती. एकीत पाचवा हिस्सा कच्चा चोथा मिसळावा, दुसरीत काही नाही. दोन्हींत मोजून सारखे मुळ्याचे किंवा मेथीचे बी पेरावे, पाणी सारखे द्यावे. महिनाभरात काय उगवले, किती वाढले, हे कुणालाही दिसेल. मतभेद मिटवायला याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

हिशेब

आता प्रमाण पाहू. एका घरात दोघे मिळून रोज तीस ग्रॅम पूड वापरतात असे धरले, तर वर्षाला अकरा किलो होते. त्यातला पाव हिस्सा पेयात विरघळतो. उरला साधारण आठ किलो कोरडा चोथा. दोन टक्क्यांनी त्यात नत्र १६० ग्रॅम. पालाश बहुतांशी पेयात उतरलेले असते. चोथ्यात ते अर्ध्या टक्क्याच्या आगेमागे धरले तर चाळीस ग्रॅम.

कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेची शिफारस अशी: दर पोफळीला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, १४० ग्रॅम पालाश, आणि त्याशिवाय बारा किलो हिरवळीचा पाला व बारा किलो शेणखत किंवा कंपोस्ट. २.७ मीटर अंतराने लावलेल्या पोफळी गुंठ्याला तेरा-चौदा बसतात. म्हणजे वर्षभर जपून ठेवलेला चोथा, त्यातले सगळे नत्र सुटले असे मानले तरी, एका गुंठ्याच्या गरजेचा नववा हिस्सा भागवेल. पालाश तर एका झाडालाही पुरणार नाही. आणि पावसाने धुतल्या जाणाऱ्या या जमिनीत माड-पोफळीला पालाशाचीच चणचण जास्त.

त्याच संस्थेच्या अंदाजानुसार एक हेक्टर पोफळबागेत वर्षाला साडेपाच ते सहा टन सेंद्रिय अवशेष पडतात: झावळ्या, विऱ्या, शिंपुटांचे अवशेष. गुंठ्याला पंचावन्न ते साठ किलो. पाच गुंठ्यांची छोटी वाडी धरली तरी पावणेतीनशे-तीनशे किलो. आठ किलो चोथा डब्यात साठवायचा आणि तीनशे किलो पातेऱ्याची होळी करायची, असा व्यवहार आज कितीतरी अंगणांत चालला आहे. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत संध्याकाळी चौल-रेवदंड्याच्या रस्त्याने निघावे, जागोजाग धूर दिसतो. त्या धुरात नत्र उडून जाते. राखेत पालाश उरते, पण पहिल्या पावसात तेही धुऊन जाते. सर्वांत मोठा तोटा सेंद्रिय कर्बाचा. पुळणीत ओल धरणारी वस्तू ती हीच.

राबाचा आक्षेप

यावर कोकणातला शेतकरी विचारील, ‘मग राब कशाला भाजतात? जाळणे ही तर आमचीच रीत.’ हा आक्षेप आदराने घेण्यासारखा आहे. १८८० च्या दशकात ठाणे-कुलाबा भागात राबावरून सरकारी वनखाते आणि शेतकरी यांच्यात मोठा वाद झाला. फांद्या तोडून जाळणे ही वनखात्याला उधळपट्टी वाटत होती. मुंबई सरकारने १८८५ मध्ये वनआयोग नेमला, आणि जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी भारतीय शेतीवरच्या १८९३ च्या अहवालात राबाची सविस्तर दखल घेतली. राबाच्या बाजूने शेतकऱ्याचे म्हणणे पोकळ नव्हते. शेण, पाला आणि माती यांचे थर भाजले की तणाचे बी मरते, वाफा भुसभुशीत होतो आणि भाताचे रोप जोमाने उठते.

पण राबाचा उपयोग ठरावीक आहे: भाताचा रोपवाफा, थोडी जागा, वर्षातून एकदा, आणि लगेच पेरणी. पोफळीची वाडी बारमाही आहे. तिथे रोपवाफा नाही, तण मारायचे नाही, सावलीतल्या ओल्या थराखाली बारीक मुळांचे जाळे आहे. राबाचे कारण तिथे लागू पडत नाही. वाडीतला पातेरा पेटवणाऱ्याला राबाचा आधार घेता येणार नाही.

मंडन

मग चोथ्याचे करायचे काय? ढिगात घालायचा.

ही वाट दाखवणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. इंदूरला होळकरांच्या राज्यात १९२४ मध्ये वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ वस्तूंवर काही वर्षे काम केले आणि १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांच्या इंदूर पद्धतीचा गाभा असा: कर्बाने भरलेला वाळका भाग आणि नत्राने भरलेला शेणासारखा भाग थरांनी एकत्र करायचा, ओल आणि हवा राखायची, ठरावीक काळाने परतायचा. कोणतीही एक वस्तू एकटी पुरी पडत नाही आणि कच्ची मुळाशी जात नाही. १९३० च्या दशकात केनियातल्या कॉफीच्या मळ्यांनी ही पद्धत उचलली. ज्या झाडाचा चोथा आपण कच्चा घालतो, ते झाड वाढवणाऱ्यांनीही आपल्या मातीला मुरलेलेच खत दिले.

चौलच्या जुन्या वाडीवाल्याला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. गोठ्यातले शेण आधी उकिरड्यात जात असे आणि मुरल्यावर आळ्यात. ताज्या शेणाने मूळ जळते, हे वाडीतल्या पोरालाही ठाऊक असे. चोथ्याला तोच नियम लावायचा.

वाळक्या झावळीत कर्ब फार आणि नत्र थोडे, म्हणून ती एकटी कुजायला वेळ घेते. चोथ्यात त्या मानाने नत्र बरेच. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरतो. ढिगात नत्र अडकले तरी कुठल्या रोपाचा घास जात नाही. कॅफिन आणि पॉलिफिनॉल द्रव्ये जिवाणू तिथेच मोडून टाकतात. जपानमध्ये शेतावर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चोथा घातल्याबरोबर पिकाची वाढ रोखली गेली आणि काही महिने उलटल्यावर, तो मातीत मुरल्यावर, फायदा दिसू लागला. चोथ्याला वेळ द्यावा लागतो. तो वेळ ढिगात द्यावा, पिकाखाली नव्हे.

रीत अशी. कार्तिकात, पावसाची ओल सरल्यावर, वाडीच्या सावलीच्या कोपऱ्यात जागा धरावी. झावळ्या आणि विऱ्या कोयत्याने हातभर तुकड्यांत तोडाव्यात. वीतभर जाड पातेऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर चोथ्याचा पातळ थर, वर मूठभर जुनी माती. असे थर कंबरेइतके चढवावेत. चॉकर-स्कॉट यांचा सल्ला आहे की एकूण आकारमानात चोथा पाचव्या हिश्शाहून जास्त नसावा. ती मर्यादा पाळावी. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवावी, महिन्या-दीड महिन्याने ढीग परतावा आणि वर झावळ्यांचे झाप घालावेत. मृग लागेपर्यंत बरेचसे खत तयार होते. उरलेली जाड देठे पुढच्या ढिगाच्या तळाशी जातात. गांडुळे वापरायची असतील तर कासरगोडच्या संस्थेने माडाच्या झावळ्यांसाठी घालून दिलेली रीत उपयोगी आहे: झावळ्या आधी काही महिने उघड्यावर नरम होऊ द्यायच्या, मग दहा भाग पाल्याला एक भाग शेण आणि युड्रिलस जातीची गांडुळे.

चौलच्या घरोघरी कॉफीहून चहा कितीतरी अधिक, तेव्हा चहाच्या चोथ्यालाही हाच न्याय. गुलाबाच्या कुंडीत तो थेट ओतायची सवय जुनी आहे. त्यातली साखर आणि दूध मुंग्या बोलावतात, आणि त्यातलीही टॅनिने कच्ची असतात. धुऊन, निथळून तो ढिगातच जावा.

ज्याच्या हाताशी जागा, वेळ आणि पैसा बेताचाच आहे, त्याने क्रम असा लावावा. पहिले काम, वाडीत आगकाडी न लावणे. याला खर्च काहीच नाही आणि फायदा सर्वांत मोठा. दुसरे, शेणाची सोय. गावात गोठे कमी होत चालले आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे अजून जनावरे आहेत त्यांच्याकडून शेण रास्त भावाने घ्यावे. त्यात त्यांचेही भले आहे. तिसरे, माती तपासून पालाश आणि चुना यांची जी तूट निघेल ती भरून काढणे. चौथ्या जागी, आणि ढिगाच्या वाटेने, कॉफीचा चोथा. नव्या घरमालकांनी हा क्रम मानला तर त्यांचा चोथाही कामी येईल आणि शेजारच्या जुन्या वाडीलाही त्यांचा आधार होईल: तिने पेटवायला काढलेला पातेरा ते मागून नेतील, आणि मृगात दोन पाट्या तयार खत परत आणून देतील.